माणूस आत असेपर्यंत

आमच्या गाडीला दर रविवारी नांदेड रोडवर पळवून आणावं लागायचं. कुणाला सोडायला नव्हे, काही आणायला नव्हे, नुसतं पळवायला. साखरेच्या पेशंटला डॉक्टर सांगतात ना, रोज तासभर चालून या, तसं शोरूमवाल्याने मला सांगितलं होतं, "सर, आठवड्यातून एकदा हिला मोकळ्या रस्त्यावर अर्धा तास दामटायची. गावातल्या गावात फिरवली की हिचं पोट भरतं." मी हसलो होतो. नवीकोरी डिझेल व्हॅन घ्यायची आणि वर तिला व्यायामाला न्यायचं, हा काय प्रकार आहे, असं घरी येऊन बायकोला म्हणालो होतो.

प्रकार साधा होता. नव्या डिझेल गाड्यांच्या सायलेन्सरच्या नळीत आता एक फिल्टर असतो. भाजलेल्या मातीसारख्या कशाची तरी, बारीक बारीक भोकांची जाळी. इंजिनातून निघणारी काजळी त्या जाळीत अडकते आणि मागून निघणारा धूर दिसेनासा होतो. पण अडकलेली काजळी तिथेच जाळून टाकावी लागते, आणि ती जळण्याइतकी नळी तापायची तर गाडी जोरात पळायला हवी. एका जागी उभं राहून घुरघुरणारी गाडी काजळी करत राहते, जाळत मात्र नाही. मग समोर पिवळा दिवा लागतो. त्याच्याकडे कानाडोळा केला तर लाल लागतो, आणि लाल लागला की गाडी स्वतःचा जोर काढून घेते. मग पाय कितीही दाबा, ती बैलगाडीच्या चालीने चालते. मी लातुरात वीस वर्षं शिकवणीत भौतिकशास्त्र शिकवतो आहे. मला हे एका वाचनात कळलं होतं. कळलं म्हणजे झालं असं मी तेव्हा समजत होतो.

गाडी माझ्या नावावर होती, पण होती आबांची. आबा म्हणजे माझे वडील. निलंगा तालुक्यातल्या आमच्या गावाहून त्यांनी कित्येक वर्षं काळी-पिवळी जीप चालवली. त्या जीपच्या स्टिअरिंगखाली दोन खुंट्या होत्या. उजवीकडची ओढली की पाय न लावता इंजिनाची रेस वाढायची आणि तशीच राहायची. थंडीत, किंवा माणसं भरेपर्यंत उभं राहायचं असलं की, इंजिन मरू नये म्हणून ती ओढून ठेवत. डावीकडची ओढली की इंजिन बंद. तसल्या जुन्या डिझेल गाड्या नुसत्या चावीने बंद होत नसत, ती खुंटी ओढून धरावी लागे. लहानपणी मला उजव्या खुंटीला हात लावायची परवानगी होती, डावीला नव्हती.

जीपची बॅटरी कायम अर्धमेली असायची. म्हणून आबा जीप मारुतीच्या देवळाजवळच्या उतारावर लावायचे. सकाळी ब्रेक सोडला की ती घरंगळायची आणि चावडीपर्यंत येईतो चालू व्हायची. यात कुणाला काही वावगं वाटत नसे. नवी बॅटरी घेण्यापेक्षा उतार बरा, असं सगळेच म्हणत, आणि उतार तर देवानेच दिलेला होता.

भूकंप झाला तेव्हा मी नववीत होतो आणि शाळेसाठी नांदेडला मामाकडे राहत होतो. दोन दिवसांनी मामाने मला गावी नेलं. गाव नव्हतंच. दगड होते. माय गेलेली होती, तिचं सगळं आटोपलेलं होतं. मला एवढंच सांगण्यात आलं की घराचं मातीचं माळवद अंगावर पडलं होतं, आबांनी तिला जीपमध्ये घातलं होतं, पण जीप लवकर चालू झाली नाही आणि वाटेतच ती गेली. हे सांगणाऱ्यांच्याही घरातलं कुणी ना कुणी गेलेलं होतं. जास्त विचारायची सोय नव्हती, आणि खरं सांगायचं तर माझी हिंमतही नव्हती. आबांना विचारायचं राहिलं ते पुढे तीस वर्षं राहिलं.

त्यानंतर आबांनी एक नियम केला. गाडीत माणूस असेपर्यंत इंजिन बंद करायचं नाही. नियम कुणाला बोलून दाखवला नाही, नुसता पाळायला लागले. रेल्वेच्या फाटकावर गाडी चालू. लग्नाच्या मांडवापुढे, आत एक म्हातारी जरी पेंगत बसलेली असली, तरी चालू. पंपावर डिझेल भरताना बंद करावीच लागते, तर आबा आधी सगळ्या पॅसेंजरला खाली उतरवायचे. लेकुरवाळ्या बाया, टोपल्या, कोंबड्या, सगळं खाली. मग डावी खुंटी. लोक वैतागायचे, म्हणायचे, "ड्रायव्हर येडा झालाय का?" आबा म्हणायचे, "उतरा जराक. पाय मोकळे व्हतेत." मला त्यांची लाज वाटायची. कॉलेजात असताना मी त्यांच्या जीपमध्ये बसायचं टाळायचो, आणि त्याचं कारण मी इंजिनाचा आवाज असं सांगायचो.

पुढे लातूरला शिकवण्यांचा पूर आला. एका गल्लीत दहा क्लास, वर हॉस्टेल, खाली मेस, आणि चौकाचौकात होर्डिंगवर हसणारी लेकरं. धर्माबादपासून माहूरपर्यंतचे आईबाप पोरांना घेऊन यायचे, पोराला खोलीवर सोडायचे आणि बसस्टँडवर जाऊन रडायचे. मीही त्या पुरात पोहायला शिकलो. आधी दुसऱ्याच्या क्लासमध्ये, मग स्वतःच्या दोन खोल्यांमध्ये. आबा माझ्याकडे राहायला आले. जीप कधीच भंगारात गेली होती. वर्षानुवर्षं त्या जीपच्या धुरात उभं राहून इंजिन तापवलेलं, त्यामुळे त्यांची फुफ्फुसं पार कामातून गेली होती. चार पायऱ्या चढले की खांबाला धरून उभे राहायचे. डॉक्टरांनी एक्स-रे दाखवून विचारलं होतं, "विडी ओढता का?" आबा म्हणाले, "न्हाई. गाडी." डॉक्टरांना वाटलं त्यांनी प्रश्न नीट ऐकला नाही.

लॉकडाऊन उठल्यावर मी ती व्हॅन घेतली, लांबच्या हॉस्टेलवरची मुलं आणायला. सकाळी मी चालवत आणायचो. माझा तास झाला की पुढच्या क्लासला दोन तासांचा अवकाश असायचा, आणि त्या गल्लीत बसायला सावली नव्हती. मुलं व्हॅनमध्येच बसायची. डबे खायची, पुस्तकं मांडीवर घेऊन डुलक्या काढायची. त्यांच्यावर लक्ष ठेवायला आबा ड्रायव्हरच्या सीटवर. आणि आत माणसं म्हटल्यावर इंजिन चालू, एसी चालू. उभ्या गाडीत एसी नीट लागावा म्हणून जागच्या जागी रेस वाढवायचं एक बटण त्या गाडीला होतं. ते दाखवलं तेव्हा आबांनी ते दोन-तीनदा दाबून पाहिलं, आवाज ऐकला आणि म्हणाले, "ही आपली उजवी खुंटीच की रे." रोज दोन तास ते बटण दाबलेलं असायचं. एवढी काजळी जाळायला रविवारची एक फेरी पुरायची नाही, पण निभायचं.

त्या पहिल्याच आठवड्यातली एक गोष्ट मला जशीच्या तशी दिसते. सकाळची वेळ, व्हॅन दारात चालू ठेवलेली, आणि आबा तिच्या मागे वाकून उभे. मला वाटलं चक्कर आली. जवळ गेलो तर त्यांनी सायलेन्सरच्या तोंडात बोट घालून आतून फिरवलं होतं आणि ते बोट उन्हात धरून बघत होते. बोट स्वच्छ होतं. त्यांनी ते धोतराला पुसलं, पुन्हा घातलं, पुन्हा बघितलं.

"धूर कुठं जातोय हिचा?" त्यांनी विचारलं.

मी त्यांना फिल्टरचं सगळं समजावून सांगितलं, वर्गात सांगतो तसं. त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "म्हंजी आत बसल्याल्या माणसाला धूर लागत न्हाई."

"नाही लागत."

"कितीबी येळ चालू ठिवली तरी?"

"नाही, आबा."

ते गाडीच्या मागच्या दाराला हात लावून बराच वेळ उभे राहिले. मला क्लासला उशीर होत होता आणि मी पुढे जाऊन हॉर्न वाजवला. त्या हॉर्नचा मला आजही राग येतो.

रविवारी आम्ही दोघं निघायचो. अहमदपूरपर्यंत, कधी त्याच्या पुढे लोह्याकडे. चौथ्या गिअरवर इंजिन कढवायचं, पिवळा दिवा विझायची वाट बघायची, विझला की चहा पिऊन परत. आमच्या उभ्या आयुष्यात आम्ही एवढा वेळ शेजारी बसलो नव्हतो. बोलणं फार नसायचं. ते रस्त्यावरच्या गाड्यांचा नुसता आवाज ऐकून सांगायचे, ह्याचा नोझल गेलाय, त्याचा पट्टा सैल हाय. अशाच एका रविवारी अहमदपूरचा घाट उतरताना त्यांनी, मी काही विचारलेलं नसताना, मायचं सांगितलं. समोर बघत सांगितलं, श्वास पुरवत, मध्ये मध्ये थांबत.

आदल्या संध्याकाळी गावात विसर्जन होतं. मंडळाचा भोंगा आणि दिवे आमच्या जीपच्या बॅटरीवर लावलेले. मिरवणूक लांबली, बॅटरी पार उतरली. आबा दमून उतारावरच्या जीपमध्येच झोपले, म्हणून वाचले. पहाटे सगळं कोसळलं. उजाडेपर्यंत त्यांनी हातांनी दगड काढून मायला बाहेर काढलं. तिच्या छातीला मार होता, पण ती बोलत होती. उतारावरून ब्रेक सोडून त्यांनी जीप चालू केली, मिळेल त्या वाटेने चावडीच्या सपाटीवर आणली, मायला मागे निजवलं, शेजारच्या दोन जखमी बायांना बसवलं. तिसरीला आणायला माणसं गेली होती, तिच्यासाठी थांबले. इंजिन मरू नये म्हणून उजवी खुंटी ओढून ठेवलेली. जीपला मागे ताडपत्री होती, आणि सगळा धूर त्या ताडपत्रीखालून आत येत होता.

"तुझी माय म्हन्ली, धूर लागतोय हो, दम घुटतोय, बंद करा की थोडा येळ." आबांनी खिडकीची काच थोडी खाली केली. "तिला खोकला येत व्हता, अन् खोकलं की छातीत कळ. बघवंना. मी बंद केली."

मी गाडीचा वेग कमी केला. ते म्हणाले, "पळीव. दिवा इझला न्हाई अजून." मी पळवली.

"मंग चालूच झाली न्हाई. बॅटरी मेल्याली. ढकलायला कोन? जे उभे व्हते ते दगडं काढून राह्यले व्हते आपापल्यांचे. मी एकटाच ढकलीत व्हतो मागून, अन् ती आत माज्याकडं तोंड करून निजल्याली. शेजारच्या गावची माणसं आली तवा निघालो. मायंदाळ येळ गेला. औशाच्या अलीकडं गेली." थोड्या वेळाने ते म्हणाले, "ही गाडी असती तवा, तर बंद कराया लागली नसती."

दिवा विझला तेव्हा "विझला" एवढं म्हणालो. रडू मला घरी आल्यावर बाथरूममध्ये आलं, तेही नळ सोडून. तीस वर्षं मी ज्या माणसाला लहरी समजत होतो, तो रोज एकाच खुंटीवरून हात मागे घेत होता.

आता खरं तर गाडीचा तो आजार आबांच्या त्या नियमामुळेच होता. गाडी चालू ठेवायची म्हणून फिल्टर भरायचा. मिस्त्रीने मला सरळ उपाय सांगितला. तो आमच्या भागातला जुना, हुशार मुसलमान मिस्त्री, आबांना चाचा म्हणायचा. "सर, ये बला काढूनच टाकू. आतली जाळी फोडायची, नळी परत जोडून द्यायची, अन् दिवा कॉम्प्युटरनं गप करायचा. सगळे करून राहिलेत. मंग दिवसभर चालू ठेवा, कोन विचारतंय?" बेकायदा होतं, पण मी जवळजवळ हो म्हणालो होतो. आबा बाकड्यावर बसले होते. ते उठून उभे राहिले. एरवी मिस्त्रीशी गोडीत बोलणारा माणूस त्या दिवशी ओरडला, "लेकरं बसतेत तिच्यात! धूर पाजतूस का त्यास्नी?" आणि ओरडल्यामुळे पाच मिनिटं खोकत राहिले.

मिस्त्री ओशाळला. त्याने त्यांना पाणी दिलं आणि मग आम्हा दोघांना दुसरी एक गोष्ट सांगितली. लाल दिवा लागून गाडीचा जोर गेलाच, तर घाबरायचं नाही. कडेला घ्यायची, बंद करायची, चावी काढायची, पाच मिनिटं थांबून परत मारायची. "बहुतेक येळा जोर परत येतो. कायमचा न्हाई, पण घर गाठता येतं." मी म्हणालो, बरं. आबांनी मात्र त्याला पुन्हा सांगायला लावलं. चावी काढायची का नुसती फिरवायची, पाच मिनिटं का दहा, सगळं विचारून घेतलं. ड्रायव्हर होते ते. मी नुसता मास्तर.

दर वर्षी विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी आम्ही जुन्या गावी जायचो. नवं गाव सरकारने लांब वसवलं आहे, जुन्या जागी बाभळी माजल्या आहेत. घर जिथे होतं तिथे एक उंबऱ्याचा दगड आहे, त्याच्यावर मायच्या नावाने नैवेद्य ठेवायचा. गेल्या वर्षी त्या दिवसांत माझ्याकडे परीक्षांची घाई होती. दोन रविवार मी नांदेड रोड टाळला. पिवळा दिवा आठ-दहा दिवस लागलेला होता. आबा रोज आठवण करत होते आणि मी रोज "बघू" म्हणत होतो. घरात सगळ्यांत शिकलेला मी, आणि दिव्याचा अर्थ सगळ्यांत चांगला मलाच माहीत होता.

आबांचा दमही त्या आठवड्यात वाढला होता. बायको म्हणाली, यंदा त्यांना नेऊ नका. ते ऐकेनात. सकाळी निघालो. जुन्या गावाशी पोचलो तेव्हा त्यांना उतरवेना. ते गाडीतच बसून राहिले, आणि आत माणूस म्हणून मी इंजिन चालू ठेवलं, बटण दाबून. बाभळीचे काटे तोडून वाट काढेपर्यंत आणि नैवेद्य ठेवेपर्यंत पाऊण तास गेला. मागे वळून पाहिलं की काचेतून ते दिसायचे, हात जोडलेले.

परत निघाल्यावर पंधरा मिनिटांत त्यांना धाप लागली. दम्याचा पंप तोंडाला लावून दोनदा ओढला, उतार पडेना. खांदे वर-खाली व्हायला लागले, ओठ निळसर. तालुक्याचा दवाखाना अजून बारा-तेरा किलोमीटर होता. मी पाय दाबला, आणि त्याच वेळी लाल दिवा लागला.

गाडी मेल्यासारखी झाली. मी पायाने खालचा पत्रा फाडला असता, पण काटा वीसच्या वर जाईना. अॅम्ब्युलन्सला फोन लावला. जवळची गाडी दुसऱ्या पेशंटला घेऊन गेलेली होती, दुसरी निघते म्हणाले. आतला रस्ता होता, दोन मोटारसायकली आणि एक ट्रॅक्टर सोडला तर कुणी नव्हतं. मी आबांना म्हणत होतो, आलंच आबा, आलंच. काहीही येत नव्हतं. एकेक बाभूळ सावकाश येत होती आणि सावकाश जात होती.

आबांनी माझ्या हातावर हात ठेवला. "बंद कर," ते म्हणाले. मग श्वास गोळा केला. "बंद करून... परत मार."

मी ऐकलं. मला कळलंही. मिस्त्रीचा शब्द न् शब्द मला आठवला. कडेला घ्यायची, चावी काढायची, पाच मिनिटं. आणि मी चावीकडे हात नेला, आणि मला ती ताडपत्रीची जीप दिसली, जी मी त्या दिवशी पाहिलीच नव्हती. बंद केली आणि चालू झाली नाही तर? आत ते असे, आणि ढकलायला मी एकटा. मी हात परत स्टिअरिंगवर ठेवला.

"नको आबा," मी म्हणालो. "बंद नाही करायची."

त्यांनी पुन्हा सांगितलं. या वेळी नुसतं बोट चावीकडे केलं. मी मान हलवली. तीस वर्षांचा नियम मी त्यांनाच शिकवत होतो. त्यांनी माझ्याकडे बघितलं, आणि त्या बघण्यात राग नव्हता. राग असता तर मी आज तो जपून ठेवला असता. त्यांना कळलं होतं मी का घाबरलोय. त्यांनी हात मागे घेतला आणि डोकं सीटला टेकवलं. दवाखान्याची कमान दिसायच्या थोडं आधी त्यांच्या श्वासाचा आवाज थांबला आणि नुसता इंजिनाचा राहिला.

स्ट्रेचर आलं, ते त्यांना घेऊन गेले, मी मागे पळालो. डॉक्टर भल्या माणसासारखे वागले. म्हणाले, दहा-पंधरा मिनिटं आधी आणलं असतं तर ऑक्सिजन लावून बघता आलं असतं. ते मला बोल लावत नव्हते. विचारलं म्हणून सांगत होते.

मग वॉचमन आला. "सर, गाडी तुमची का? चालूच हाय ती दारात." मी बाहेर आलो. दार उघडं, एसी चालू, सीटवर आबांची टोपी. आता आत कुणी नव्हतं. मी चावी फिरवून इंजिन बंद केलं, चावी काढली आणि तिथेच बसून राहिलो. किती वेळ ते माहीत नाही, पाच मिनिटं असतील, दहा असतील. वॉचमन पुन्हा आला, अवघडून म्हणाला, "सर, जराक बाजूला घेता का? दुसरा पेशंट येऊन राहिलाय."

मी चावी लावली आणि फिरवली. गाडी पहिल्या हिसक्यात चालू झाली. लाल दिवा नव्हता. नुसता पिवळा. मी सवयीने पाय दाबला तशी ती जोरात पुढे गेली, एवढी की वॉचमन उडी मारून बाजूला झाला. मी भिंतीपाशी ब्रेक लावला. मग बंद केली. पाच मिनिटं घड्याळात बघितली आणि परत मारली. चालू झाली. परत बंद केली. परत मारली. प्रत्येक वेळी चालू झाली.

वॉचमन काचेपाशी वाकला. "बिघडली का हो, सर?"

"नाही," मी म्हणालो. "चांगली आहे."

आणि पुन्हा बंद केली.